धनुर्वात आणि वाल

परवा एका लग्नात मांडवातल्या फळीचा खिळा चपलेतून आरपार माझ्या पायात घुसला. रक्त यायच्या आत सल्ले आले. एकानं हळद सांगितली, एकानं विडीची राख. मग सगळ्यांनी एका सुरात विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का?" नव्वदीतल्या मावशीआजीनं मात्र मला आठ दिवस वाल आणि वाटाणे बंद केले. तिच्या हिशेबी संधिवात, आमवात, धनुर्वात ही सगळी सख्खी भावंडं; घरात वाल शिजले की तिघंही उठून बसायची.

नावात वात आहे हे खरं, पण तो वालाचा नव्हे. शरीराचं हलणं-वळणं आयुर्वेदानं वाताकडे सोपवलेलं. तेव्हा ते आपणहून ताठून वाकायला लागलं तर गुन्हेगार वातच! सुश्रुतसंहितेत याला धनुस्तंभ म्हटलंय. डोकं आणि टाचा टेकलेल्या, बाकी देह कमानीसारखा वर उचललेला. ग्रीकांनी यातला ताण पाहिला, त्यावरून टेटॅनस आलं. इंग्रजांनी मिटलेला जबडा पाहिला आणि 'लॉकजॉ' म्हणून मोकळे झाले. देखणं नाव आपलंच. पण उपयोगाचं विचाराल तर इंग्रजांचं. बहुतेकदा जबडा आधी मिटतो, धनुष्य मागून येतं. आपल्या नावाची खूण पटेपर्यंत वैद्याच्या हातात फारसं काही उरत नसे.

कारण मात्र तिन्ही नावांत नाही. ते १८८४ साली निकोलायर या जर्मन डॉक्टरला बागेच्या मातीत सापडलं. १८८९ साली कितासातो या जपानी शास्त्रज्ञानं तो जंतू वेगळा काढून वाढवला. मातीत, शेणात, लिदीत तो वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि हवा न लागणारी खोल जखम मिळाली की जागा होतो. म्हणजे गंज बिचारा फुकट बदनाम! आणि गंमत बघा, नाव वाताचं आणि या जंतूला वाराच सोसत नाही.

पण त्याचं सगळ्यात क्रूर काम खिळ्यानं झालंच नाही. विळ्यानं नाळ कापायची, वर राख नाही तर शेण लावायचं. पाच-सात दिवसांत पोर दूध ओढेनासं व्हायचं. पाचवी तर पुजलेली असायची. मग सटवाईनं कपाळी एवढंच लिहिलं होतं म्हणायचं. सटवाईच्या नावावर खपलेली कितीतरी अक्षरं विळ्याची होती. गरोदर बायकांना सुई टोचतात ती यासाठी, आईच्या रक्तातून बाळालाही संरक्षण मिळतं म्हणून. स्वच्छ बाळंतपणं आणि ही सुई यांच्या जोरावर २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. उच्चाटन म्हणजे कुठल्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी. शून्य नव्हे, माती कुठे जाणार?

हे सगळं ज्ञान घेऊन मी मावशीआजीकडे गेलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा पहिला सातव्या दिवशी गेला," ती म्हणाली. "दूधच ओढेना."

मग बराच वेळ ती वाती वळत बसली.

"तू वाल खाल्ले नाहीस ना रे?"