शिपायाच्या मापाची बंदूक

बंदुकीच्या इतिहासात कारागिराचं नाव येतं. ती खांद्यावर वागवणारा शिपाई कुठंच येत नाही. सोव्हिएत रायफलींची गोष्ट मात्र त्या शिपायाला सोडून सांगताच येत नाही.

झारच्या सैन्यात १८९१ साली दाखल झालेली मोसिन-नागां रायफल लाल सेनेला वारशात मिळाली. पाच गोळ्यांची. प्रत्येक बारानंतर हातानं बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. १९३० च्या नमुन्यावर नेम धरायच्या खुणा दोन हजार मीटरपर्यंत होत्या. एवढ्या लांबचा माणूस नुसत्या डोळ्यांना दिसणार कसा, कोण जाणे!

मग आली तोकारेव्हची एसव्हीटी-४०. दहा गोळ्यांची, आणि बाराच्या वायूच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. हीच सगळ्या पायदळाला द्यायची, असा बेत होता. पण जून १९४१ मध्ये जर्मन फौजा आत घुसल्या. तयारीचे लाखो शिपाई मारले गेले, कैद झाले. त्यांच्या जागी नांगर सोडून आलेली पोरं उभी राहिली. या रायफलीला वायूची झडप थंडी, धूळ पाहून जुळवावी लागे, साफसफाईही नेमानं करावी लागे. नव्या पोरांच्या हातात ती अडू लागली. रायफल वाईट नव्हती. जर्मन शिपाई हाती लागलेली एसव्हीटी खुशीनं वापरत. पण ती बनवायला महाग आणि शिकवायला वेळ कुठं होता? कारखाने पुन्हा जुनी मोसिनच लाखोंनी काढू लागले. तिच्यावर दुर्बीण बसवून स्टालिनग्राडचे नेमबाज लढले.

त्याच १९४१ साली ब्र्यान्स्कजवळ मिखाईल कलाश्निकोव्ह हा रणगाड्यावरचा सैनिक जखमी झाला. शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या कुटुंबाला याच राजवटीनं १९३० मध्ये सायबेरियात हद्दपार केलं होतं. १९४९ मध्ये सैन्यानं स्वीकारलेली त्याची एके-४७ तीस गोळ्यांची. बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आतच होतात, हे ओळखून तिचं काडतूस आखूड ठेवलेलं. आतले भाग जाणूनबुजून सैल, म्हणजे चिखल-वाळू गेली तरी अडायला नको. लांबच्या नेमासाठी १९६३ मध्ये द्रागुनोव्हची एसव्हीडी आली. तिला काडतूस मात्र मोसिनचंच, झारच्या काळातलं.

अडाणी शिपायालाही चालवता यावी अशी ती एके-४७ पुढे कोणालाही चालवता येऊ लागली. आफ्रिकेतल्या यादवी युद्धांत ती लहान मुलांच्या हाती गेली.

कलाश्निकोव्ह तरुणपणी कविता करत असे. आमच्या जमातीतलाच म्हणायचा! डिसेंबर २०१३ मध्ये तो वारला. त्याआधी त्यानं रशियन चर्चच्या धर्मगुरूंना पत्र लिहिलं होतं: माझ्या रायफलीनं माणसं मेली, तर त्या मृत्यूंचा दोष माझ्याकडे येतो का? धर्मगुरूंनी उत्तर पाठवलं होतं. शस्त्र मायभूमीच्या रक्षणासाठी असेल तर चर्चचा त्याला पाठिंबा आहे, असं चर्चच्या प्रवक्त्यानं सांगितलं.