धम्मपद : ताडपत्रापासून तबकडीपर्यंत

धम्मपद हा खुद्दकनिकायातील २६ वग्गांचा व ४२३ गाथांचा ग्रंथ होय. इतिहासात त्याचे बाह्य रूप अनेकदा पालटले. भाणकांनी तो मुखोद्गत जतन केला; परंपरेनुसार इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, सिंहलद्वीपात त्रिपिटक लेखनिविष्ट झाले. १८५५ साली फाउसबोल यांनी कोपनहेगन येथे लॅटिन भाषांतरासह धम्मपद मुद्रित केले.

मुद्रणाने गाथा सर्वदूर पोहोचल्या. परंतु लहान आवृत्त्यांत गाथा व कथा यांची ताटातूट झाली. अट्ठकथेत पहिल्या गाथेस चक्खुपाल थेरांचा प्रसंग जोडलेला आहे. अंध थेरांच्या पायाखाली किडे चिरडले गेले. तथापि हेतू नसल्याने तथागतांनी त्यांना निर्दोष ठरविले. हा प्रसंग गळाला, म्हणजे मनाच्या प्राधान्याचा सिद्धान्त केवळ सुभाषित होऊन उरतो.

१९३७ साली धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार स्थापन केला. पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नायगावच्या बी. डी. डी. चाळींसारख्या वस्त्यांतून पालि वंदना घुमू लागली. ज्यांना शतकानुशतके ग्रंथापासून दूर ठेवले गेले, त्यांच्यापुढे आता लिपीचा प्रश्न होता. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदेहून त्रिपिटकाचे ४१ देवनागरी खंड निघाले, ही मोठीच सोय झाली. पण अट्ठकथा त्यांत नव्हत्या.

ही उणीव इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने भरून काढली. रंगून येथील छट्ठ संगायनाचा (१९५४–५६) पाठ त्याने १९९७ साली संगणकीय तबकडीवर आणला. तीत गाथेवरून अट्ठकथेकडे जाता येते, एखादा शब्द सर्वत्र शोधता येतो, आणि तोच पाठ देवनागरी, रोमन, बर्मी, सिंहली वा थाई लिपीत पालटता येतो. तबकड्या आता मागे पडल्या. तो पाठ आज महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. मुद्रणाने तोडलेला दुवा यंत्राने सांधला, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. संगायन म्हणजे एकत्र म्हणणे. यंत्रापुढे वाचक एकटा असतो. तो प्रश्न विचारतो व उत्तर मिळवितो, पण त्याचा उच्चार सुधारणारा, अर्थाविषयी त्याला उलट प्रश्न करणारा सहाध्यायी तेथे नसतो. म्हणून विहारातील वर्षावासाच्या वाचनात पडद्यावरची गाथा सर्वांनी मिळून म्हणावी, तिची कथा एकाने सांगावी व इतरांनी तिच्यावर चर्चा करावी. असे झाले तरच हे नवे साधन भाणकांच्या परंपरेचे वारस ठरेल.