दिल्लीचें राष्ट्रपतिभवन

वास्तूचा इतिहास लिहितांना बांधणाराचा हेतु आणि पुढें झालेला उपयोग हीं दोन प्रमाणें वेगवेगळीं तपासावीं लागतात. दिल्लीच्या राष्ट्रपतिभवनाविषयीं हा विवेक सुटल्यामुळें कोणी त्यास केवळ साम्राज्याचें प्रदर्शन म्हणतो, कोणी केवळ प्रजासत्ताकाचें भूषण. आमच्या मतें दोन्ही निर्णय अपुरे आहेत.

ता. 12 डिसेंबर 1911 रोजीं दिल्ली-दरबारांत पंचम जॉर्ज बादशहांनीं कलकत्त्याची राजधानी दिल्लीस नेण्याचें जाहीर केलें. पुढें रायसीना, माल्चा इत्यादि गांवांची जमीन सरकारनें घेतली व टेकडीवर व्हाइसरॉयचा वाडा उठला. वाड्याची रचना एडविन ल्यूट्यन्सची; सचिवालयें हर्बर्ट बेकरचीं. सचिवालयांसही टेकडीवर स्थान मिळाल्यानें वाडा मागें सरला, आणि चढण चढणारास तो मध्येंच दृष्टीआड होऊं लागला. यावरून उभयतांत वितुष्ट आलें. परंतु 1913 सालीं या चढणीस ल्यूट्यन्सनें स्वतः संमति दिली होती. तेव्हां सारा दोष बेकरच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.

चार मजल्यांचा, 340 खोल्यांचा हा वाडा 1929 सालीं राहण्याजोगा झाला. लॉर्ड आयर्विन हे पहिले रहिवासी. दर्शनी स्तंभरांग युरोपीय अभिजात वळणाची. परंतु घुमटाभोंवतीं सांचीच्या स्तूपासारखा कठडा, भिंतींस छज्जे आणि वर छत्र्या आहेत. एतद्देशीय शिल्पाविषयीं ल्यूट्यन्सचें मत अनुकूल नव्हतें. तरी येथील ऊन-पावसानें त्यास छज्जा पतकरावयास लाविलें, असें आमचें अनुमान आहे.

उपयोगाचा पुरावा याहून बोलका आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमींत 1947-48 च्या हिवाळ्यांत मांडलेल्या भारतीय कलावस्तु परत आल्यावर याच वास्तूंत ठेविल्या गेल्या, व ता. 15 ऑगस्ट 1949 रोजीं राजगोपालाचारी यांनीं तेथेंच राष्ट्रीय संग्रहालयाचें उद्घाटन केलें. 1960 सालीं संग्रहालय स्वतःच्या इमारतींत गेलें. ता. 26 जानेवारी 1950 पासून राष्ट्रपति येथें राहूं लागले. ज्या दरबार-दालनांत व्हाइसरॉयचें सिंहासन होतें तेथें आज गुप्तकालीन बुद्धमूर्ति आहे. 2024 सालीं त्या दालनास ‘गणतंत्र मंडप’ हें नांव मिळालें.

तात्पर्य, हेतु बांधणाराचा असला तरी अर्थ वहिवाटीनें ठरतो. मात्र रायसीना-माल्च्याच्या मूळ धारकांची बाजू अजून पुरती लिहिली गेलेली नाहीं. त्या जमिनींचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते उजेडांत आणावे, अशी आमची विनंति आहे. कारण या वास्तूचा इतिहास पायापासून लिहावयाचा तर आरंभ त्या कागदांपासूनच केला पाहिजे.