भूमिती अध्यापनातील घडीकाम व हस्तकला : टी. सुंदर राव ते वर्धा योजना

प्रस्तावना :

शालेय स्तरावर भूमिती हा बहुसंख्य विद्यार्थ्यांना प्रमेये पाठ करण्याचा विषय वाटतो. मात्र सिद्धतेपाशी अडणारी विद्यार्थिनी दारासमोर ठिपक्यांची रांगोळी काढताना सममिती अचूक सांभाळते. हातातील भूमिती व वहीतील भूमिती यांची ही फारकत दूर करण्याचे प्रयत्न यापूर्वीही झालेले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दोन भारतीय प्रयत्नांचा विचार केला आहे.

विवेचन :

या विचाराचे एक मूळ जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२-१८५२) यांच्याकडे जाते. ठोकळे, काड्या, कागद यांतून मुलाने जीवनाकृती, ज्ञानाकृती व सौंदर्याकृती घडवाव्यात, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजेच नक्षी व भूमिती यांना त्यांनी एकाच साधनात स्थान दिले. पुढे बालोद्यानाच्या साहित्याबरोबर घड्यांच्या आकृत्या व सूचना छापून येऊ लागल्या आणि नमुन्याबरहुकूम घडी घालणे एवढेच मुलाच्या वाट्याला उरण्याचा धोका निर्माण झाला.

याच साहित्यातील २०० रंगीत चौरस कागदांच्या संचावरून मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव यांना आपल्या ग्रंथाची कल्पना सुचली, असे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले आहे. कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारा हा इंग्रजी ग्रंथ १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाला. चौरसापासून आरंभ करून समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन असे टप्पे घेत तो शंकुच्छेदापर्यंत पोहोचतो. साधने म्हणजे कागदाचे तुकडे व एक चाकू. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली व १९०१ मध्ये शिकागो येथून त्याची संपादित आवृत्ती निघाली.

राव यांच्या पद्धतीचे मर्म एका उदाहरणावरून स्पष्ट होते. चौरस कागदाला मधोमध उभी घडी घालून तो उलगडावा. नंतर खालचा डावा कोपरा स्थिर ठेवून उजवा कोपरा मधल्या घडीवर टेकेल अशी दुसरी घडी घालावी. टेकलेला बिंदू डाव्या कोपऱ्यापासून चौरसाच्या बाजूइतक्याच अंतरावर असतो, कारण घडीने लांबी बदलत नाही. तो मधल्या घडीवर असल्याने दोन्ही कोपऱ्यांपासून समदूरही असतो. अर्थात समभुज त्रिकोण मिळतो. येथे कृती हीच सिद्धता ठरते. भावी शिक्षकांच्या एका वर्गात घोटीव कागदावर हा प्रयोग करताना, कागदाचे सहा पाकळ्यांचे फूल सहज कापणाऱ्या एका विद्यार्थिनीने ‘साठ अंश आले कुठून?’ असा प्रश्न विचारला. कंपास व कोनमापक हाताशी असताना हा प्रश्न कधीच निघाला नव्हता!

घडीकामाचे सामर्थ्य खुद्द राव यांच्या अपेक्षेहूनही मोठे निघाले. केवळ पट्टी व कंपास यांनी न सुटणारी घनमूळाची रचना घडीने साध्य होते, हे इटालियन गणितज्ञ मार्गेरिटा बेलोक यांनी १९३६ मध्ये दाखविले.

दुसरा प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवरील आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगकेंद्रित शिक्षणाचा पुरस्कार केला. डॉ. झाकीर हुसेन समितीने त्याच वर्षी सादर केलेल्या अहवालात हस्तोद्योग, घर व समाज यांतून उद्भवणारी अंकगणिती व भौमितिक उदाहरणे सोडविता येणे, हे गणिताचे उद्दिष्ट ठरविले. भूमितीला येथे तत्त्वतः स्थान होते. तथापि तकलीवर सूत काततांना लांबी, वजन, सुताचा नंबर व मजुरी यांचा हिशेब ओघाने येतो, आकृतीची रचना तशी येत नाही. विणकामात चौकडी व पट्टे यांना वाव असला तरी तेथेही नमुना बहुधा आधीच ठरलेला असतो.

आमच्या मते याहून महत्त्वाचे कारण आर्थिक होते. विद्यार्थ्यांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे, अशी गांधीजींची अपेक्षा होती. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतूंचा बळी जाण्याचा धोका आहे, असा इशारा खुद्द समितीने दिला होता. राव यांच्या विद्यार्थ्याला चुकलेला कागद टाकून नवा घेता येत होता. सुताचा हिशेब मात्र द्यावा लागे. स्वतःची नक्षी आखून पाहण्यात, ती बिघडविण्यात व का बिघडली हे शोधण्यात जो वेळ व जे साहित्य खर्ची पडते, त्याची तरतूद त्या हिशेबात कोठेही नव्हती.