फटफटीचा विमा आणि मागची बैठक

औष्णिक विद्युत केंद्राच्या फाटकापाशी पाळी बदलण्याच्या वेळी घटकाभर उभे राहावे. दुचाक्यांची रांग लागते आणि तींतल्या कित्येक गाड्यांवर दोन माणसे असतात. पुढच्याची गाडी, मागच्याच्या मांडीवर दोघांचे डबे. कोणी दुर्गापूरकडे, कोणी पद्मापूरकडे, कोणी चंद्रपूर शहरात, अशा या जोड्या पांगतात. या दोघांपैकी गाडीचा विमा कोणाला ओळखतो, हा प्रश्न आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. विषय रुक्ष आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. वसंतातल्या संध्याकाळी विम्याचे दर ऐकावयास कोणी आपण होऊन येत नाही. परंतु ज्या कागदावाचून आपली गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही, तो कागद आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे?

या कागदाचे मूळ विलायतेत आहे. मोटारीखाली सापडलेला माणूस कोर्टात जिंके, हुकूमनामाही मिळवी. पण गाडीवाला कफल्लक निघाला म्हणजे तो हुकूमनामा नुसता कागद राही. यावर तोड म्हणून इंग्लंडने १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने प्रत्येक गाडीवाल्यावर विम्याची सक्ती केली. तोच साचा उचलून आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. त्यातले विम्याच्या सक्तीचे आठवे प्रकरण मात्र १ जुलै १९४६ पासून अमलात आले. विमा कंपनी हा एक पक्ष, गाडीचा मालक दुसरा, आणि उरलेले सारे जग म्हणजे तिसरा पक्ष. थर्ड पार्टी, थर्ड पार्टी असे जे आपण म्हणतो, ते हेच.

उरलेले सारे जग असे आम्ही म्हटले खरे, पण त्यातून एक माणूस वगळला होता. भाडे न देता गाडीत बसलेला प्रवासी सक्तीच्या विम्याच्या बाहेर होता. स्नेहापोटी गाडीवर बसणारा आपला धोका आपण पत्करतो, असा काहीसा विचार त्यामागे दिसतो. इंग्लंडला हा विचार पुढे पटेनासा झाला आणि १९७१ साली निराळा कायदा करून त्यांनी प्रवाशाला सक्तीच्या विम्यात घेतले. आपल्याकडे १९८८ साली संबंध मोटार वाहन कायदा नव्याने लिहिला गेला; मागच्या बैठकीवरचा माणूस मात्र होता तेथेच राहिला.

आता हप्ता कसा ठरतो ते पाहू. विमेवाल्याला वास्तविक हवी असते चालवणाऱ्या माणसाची परीक्षा. तो वळणावर ओव्हरटेक करतो काय, रात्रपाळी करून डुलक्या खात घरी येतो काय, हे त्याला कळावे कसे? इंजिन मात्र खोटे बोलत नाही. त्याची घनक्षमता नोंदणीपुस्तकात लिहिलेली असते आणि तीवर वाद होत नाही. म्हणून फटफट्यांची प्रतवारी सीसीवर झाली. देशभर एकच दर ठरवून देणारी टॅरिफ समिती होती. तिच्या १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी तीन वर्ग होते: १५० सीसीपर्यंत, १५० ते ३५० आणि त्यावर. शिवाय देशाचे दोन विभाग. 'अ' विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे. बाकी सगळा हिंदुस्थान 'ब' विभागात. म्हणजे नागपूरचा गजबजलेला चौक आणि मूलकडे जाणारा आपला जंगलातला रस्ता एकाच खणात पडले! पाच वर्षांच्या आतल्या लहान गाडीला पुण्यात शेकडा १.७०८ आणि आपल्याकडे शेकडा १.६७६ असा दर होता. चाळीस हजारांच्या गाडीवर हा फरक वर्षाला तेरा रुपयांहूनही कमी भरतो. शहर आणि अरण्य यांतले अंतर एवढ्या स्वस्तात कोणी मोजले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

माणसाच्या वागणुकीची दखल घेणारी एक गोष्ट त्या पत्रकात होती. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात शेकडा २० सूट, आणि अशी ओळीने पाच वर्षे गेली की ती ५० पर्यंत चढते. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे; गाडी विकली तरी ती आपल्याजवळ राहते. जुनी गाडी विकताना पुष्कळ लोक ती फुकट घालवतात.

१ जानेवारी २००७ पासून नुकसानीचे दर ठरवण्यास कंपन्या मोकळ्या झाल्या. थर्ड पार्टीचा हप्ता मात्र सरकारी अंकुशाखालीच राहिला. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या कोष्टकात ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, १५० पर्यंत ७१४, ३५० पर्यंत १३६६ आणि त्यावर २८०४ रुपये वर्षाला, असे आकडे होते. विजेवरच्या गाडीला सीसी नाही, म्हणून तिची प्रतवारी किलोवॉटवर. येथे शहर-खेडे हा भेदही नाही, आणि गाडीवर एक बसतो की दोघे, हेही कोणी विचारत नाही.

आणि नेमके येथेच घोडे पेंड खाते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर स्कूटरच्या मागे बसून मृत्यू पावलेल्या माणसाचा प्रश्न आला. निवाडा असा झाला की, पॉलिसी केवळ कायद्यापुरती असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर नाही. मग त्याच्या बायकोमुलांनी दावा लावावयाचा कोणावर? गाडी चालवणाऱ्यावर आणि मालकावर. ज्याच्या डब्यातली भाजी वर्षानुवर्षे वाटून खाल्ली, त्याच्याच घरावर जप्ती न्यावयाची!

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसह घेतलेल्या, म्हणजे पॅकेज पॉलिसीत, मागचा माणूस येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये विमा नियामकाने तसा खुलासा केला. आपल्या भागात तिचा आणखी एक उपयोग आहे. संध्याकाळी रस्त्यात रानडुक्कर आडवे आले तर भरपाई मागावयाची कोणाकडे? रानडुकराला नोंदणी क्रमांक नसतो. अशा वेळी गाडीच्या दुरुस्तीला ही पॉलिसीच कामास येते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागू लागला. त्याच्या जोडीला नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. पाच वर्षांची निश्चिंती झाली असे समजून माणूस कागद ठेवून देतो आणि दुसऱ्या वर्षी तो भाग कधी संपला याचा त्याला पत्ताही नसतो.

हे व्याख्यान तयार करताना आम्ही आमच्या जुन्या गाडीच्या डिकीतला कागद प्रथमच उलगडून वाचला. घड्यांवर अक्षरे पुसली होती, पण माथ्यावरची 'लायबिलिटी ओन्ली' ही अक्षरे स्वच्छ होती. त्या गाडीवर आमची मंडळी अकरा वर्षे आमच्या मागे बसत आली आहे.