मधुमेहाचें निदान आणि इन्शुलिनचा शोध



रोगाला नांव देणें, त्याचें कारण ओळखणें आणि रोग्याला वांचविणें या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीपासून तिसरीपर्यंत पोंचावयास मनुष्यजातीला किती काळ लागूं शकतो, याचें मधुमेहासारखें उदाहरण क्वचितच सांपडेल. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत शिकविलेला मनुष्य. म्हणून औषध सांगण्याचा अधिकार माझा नाहीं. या रोगाच्या ज्ञानाचा इतिहास तेवढा आज आपणांपुढें ठेवणार आहें.

हा रोग आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून त्यांपैकीं एकांत मूत्र मधासारखें होतें असें म्हटलें आहे. त्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हेंहि या वैद्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. सुश्रुतसंहितेंत तर रोग्यांचे दोन वर्ग केलेले आहेत. एक जन्मतःच रोगाचें बीज घेऊन आलेला, कृश व तहानेनें व्याकुळ. दुसरा अपथ्यानें रोग ओढवून घेतलेला, स्थूल, पुष्कळ खाणारा व लोळत पडणारा. ज्याच्याजवळ द्रव्य नाहीं व ज्याला कोणी आप्त नाहीं, अशा रोग्यालाहि तेथें उपाय सांगितला आहे : जोडा व छत्री यांवांचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गांवीं एकच रात्र राहून त्यानें शंभर योजनें किंवा अधिक चालावें. परंतु उपेक्षा होऊन रोग मधुमेहाच्या पायरीस गेला म्हणजे तो असाध्य होतो, हेंहि त्याच ग्रंथांत स्पष्ट लिहिलें आहे.

युरोपांतहि गाडी याच ठिकाणीं अडली होती. १६७४ सालीं टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें मूत्राची गोडी नमूद केली. पुढें १७७६ सालीं लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननें तें मूत्र आटवून त्यांतून साखर काढून दाखविली व रोग्याच्या रक्तांतील द्रवहि गोड असतो हें सांगितलें. म्हणजे लक्षण जिभेवरून परीक्षानळींत आलें. पण ही साखर साठते कां, या प्रश्नाचें उत्तर कोणाजवळच नव्हतें.

तें उत्तर अनपेक्षित दिशेनें आलें. पोटांत जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचा एक अवयव आहे. १८६९ सालीं बर्लिन येथें पॉल लांगरहान्स या तरुण विद्यार्थ्यानें त्यांत बेटांसारखे विखुरलेले पेशींचे पुंजके पाहिले. त्यांचें काम काय, हें मात्र त्याला उमगलें नाहीं. पुढें १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें. त्यांना पचनाविषयींचा एक प्रश्न सोडवावयाचा होता. तों तें कुत्रें वारंवार मूत्रविसर्जन करूं लागलें आणि मूत्र तपासतां त्यांत साखर आढळली. रोगाचें मूळ प्रथमच हातीं लागलें. स्वादुपिंडांतून रक्तांत कांहीं तरी उतरतें व तें साखरेचा उपयोग घडवून आणतें, असें अनुमान निघालें. ज्याला आपण आज संप्रेरक म्हणतों, तें हेंच.

कारण कळलें, तरी रोगी मरतच राहिले. स्वादुपिंडाचा अर्क काढण्याचे अनेकांचे प्रयत्न फसले. मध्यंतरीं अमेरिकेंत डॉक्टर अॅलन यांनीं उपासाची चिकित्सा चालविली. रोगी मुलाला इतकें थोडें अन्न द्यावयाचें कीं, मूत्रांत साखर उतरूं नये. त्यायोगें कांहीं महिने, क्वचित् एखाद-दुसरें वर्ष पदरांत पडे. पण मूल हाडांचा सांपळा होऊन राही. आईबापांनीं निवड करावयाची ती रोगाच्या मृत्यूंत आणि भुकेच्या मृत्यूंत! त्यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

अशा वेळीं कॅनडांतील फ्रेडरिक बँटिंग या तरुण शस्त्रवैद्यास १९२० च्या ऑक्टोबरअखेर एका रात्रीं एक कल्पना सुचली. स्वादुपिंडाची नळी बांधून टाकली, तर पाचक रस तयार करणारा भाग सुकेल व बेटें शाबूत राहतील, असा त्याचा तर्क होता. टोरांटो विद्यापीठांत प्रोफेसर मॅक्लिऑड यांनीं त्याला जागा, कुत्रीं आणि चार्ल्स बेस्ट नांवाचा विद्यार्थी मदतनीस दिला. १९२१ च्या उन्हाळ्यांत दोघांनीं प्रयोग केले, आणि पुढें अर्क शुद्ध करण्याचें काम जेम्स कॉलिप या रसायनज्ञानें हातीं घेतलें. त्याच वर्षीं रुमानियांत पाउलेस्कू यांनींहि कुत्र्यांवरील असेच प्रयोग प्रसिद्ध केले होते, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे.

११ जानेवारी १९२२ रोजीं टोरांटोच्या रुग्णालयांत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई टोंचली. त्याचें वजन अवघें ६५ पौंड उरलें होतें. गुण जेमतेम आला आणि टोंचल्या जागीं गळूं झालें. मंडळी खचलीं नाहींत. कॉलिपनें अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीस पुन्हां सुई दिली, तों रक्तांतील साखर झपाट्यानें उतरली व मुलाला तरतरी आली. तो आणखी तेरा वर्षें जगला. १९२३ सालीं बँटिंग व मॅक्लिऑड यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बँटिंगनें आपला अर्धा वांटा बेस्टला व मॅक्लिऑडनें कॉलिपला दिला. शोधाचा हक्क बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं प्रत्येकीं एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केला.

पुढें १९३६ सालीं लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनीं दाखविलें कीं, इन्शुलिन दिलें असतां कांहीं रोग्यांची साखर तत्काळ आटोक्यांत येते व कांहींची येत नाहीं. अर्थात् रोग दोन प्रकारचा आहे. हें वाचतांना सुश्रुताचे कृश व स्थूल असे दोन रोगी कोणास आठवणार नाहींत? मात्र प्राचीनांनीं डोळ्यांनीं ओळखलें व अर्वाचीनांनीं मोजून सिद्ध केलें, हा भेद विसरूं नये. १९५५ पर्यंत इंग्लंडांत फ्रेडरिक सँगर यांनीं इन्शुलिनची रचना पूर्णपणें उलगडली आणि १९८२ पासून सूक्ष्मजंतूंकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेणें सुरू झालें. त्यापूर्वीं तें गाईबैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढावें लागे.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. इन्शुलिन रोग मुळासकट काढीत नाहीं. तें रोज घ्यावें लागतें, आणि म्हणून रोजच्या रोज परवडावें लागतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत दहा कोटींहून अधिक लोक मधुमेही आहेत. सर्वांना इन्शुलिन लागतें असें नाहीं. पुष्कळांचें काम आहार, चालणें व गोळ्या यांवर भागतें. परंतु ज्या मुलाच्या शरीरांत तें तयारच होत नाहीं, त्याला दुसरा उपाय नाहीं. एक डॉलरला दिलेली विद्या गरिबाच्या झोपडीपर्यंत गेली, तरच तिसरी पायरी चढल्यासारखें होईल.

माझ्या शिक्षकबंधूंस व आईबापांस शेवटीं एकच विनंती. मूल सारखें पाणी पीत असेल, रात्रींबेरात्रीं लघवीस उठत असेल, जेवूनहि झडत असेल, तर त्याच दिवशीं त्याचें रक्त तपासून घ्यावें. वर्गांतून वारंवार बाहेर जाऊं मागणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वीं हा इतिहास आठवावा. मुंग्यांपासून सुईपर्यंत यावयास दोन हजारांवर वर्षें लागलीं; आतां एका दिवसाचा उशीरहि होऊं नये.