लाकडी चमचा आणि तांबडा डगला

मराठी वाचकाला केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे नाव ठाऊक असते ते रँग्लर परांजप्यांमुळे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत जॉर्ज बर्टविसल या विद्यार्थ्याबरोबर पहिल्या क्रमांकावर आले आणि सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय ठरले. पुढे 'रँग्लर' ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, १९०९ मध्ये, त्याच कॉलेजचा कथबर्ट हॉल्टहाउस त्याच परीक्षेत मानासह उत्तीर्ण झालेल्यांच्या यादीत शेवटचा आला. प्रथेप्रमाणे त्याला मित्रांनी एक भलामोठा लाकडी चमचा दिला. मीटरभराहून लांब असलेल्या या चमच्याचा दांडा वल्ह्याच्या आकाराचा होता, कारण हॉल्टहाउस कॉलेजच्या नौका-मंडळाचा वल्हेकरी होता.

पहिल्याला आपण ओळखतो, शेवटच्याला ओळखत नाही. हे स्वाभाविकच आहे. तथापि त्या वल्ह्याचा माग काढत गेले की एका वेगळ्याच परंपरेशी आपली गाठ पडते.

कॉलेजचे नौका-मंडळ स्थापन झाले १८२५ मध्ये. त्याचे नाव 'सेंट जॉन्स' नव्हे, तर 'लेडी मार्गारेट बोट क्लब'. राजा सातव्या हेन्रीची आई लेडी मार्गारेट बोफर्ट हिच्या इच्छेनुसार आणि तिच्या संपत्तीतून, तिच्या मृत्यूनंतर, १५११ मध्ये हे कॉलेज उभे राहिले होते. तिचेच नाव मंडळाने घेतले. या नावाविषयी एक दंतकथा मोठ्या चवीने सांगितली जाते. मंडळाच्या नौकेच्या टोकाला म्हणे तलवार बांधलेली असे. ती समोरच्या नौकेतील सुकाणूधराला लागून तो मेला, मंडळावर बंदी आली आणि नाव बदलावे लागले. कथा झणझणीत आहे, पण खरी नाही. मंडळ आरंभापासून लेडी मार्गारेटच्याच नावाने चालत आले आहे. नदीवर अपघाती मृत्यू झाला तो १८८८ मध्ये, आणि त्यातील दोन्ही नौका अन्य कॉलेजांच्या होत्या. त्यानंतर नौकांच्या अणकुचीदार टोकांवर रबरी चेंडू बसवण्यात येऊ लागले. दंतकथेने बहुधा हाच अपघात उचलला आणि त्याला तलवारीची जोड दिली.

मंडळाचे दोन वारसे मात्र दंतकथा नाहीत. पहिला म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यत. १८२९ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्डला जे आव्हानाचे पत्र गेले, ते याच मंडळाच्या विल्यम स्नो याने लिहिले होते. १० जून १८२९ रोजी हेन्ले येथे शर्यत झाली आणि आव्हान देणारे हरले! दुसरा वारसा आपल्या परिचयाचा आहे. शाळकरी मुलांपासून क्रिकेटपटूंपर्यंत सर्वजण जो 'ब्लेझर' घालतात, तो शब्द मूळचा या मंडळाच्या वल्हेकऱ्यांच्या आगीसारख्या लालभडक फ्लॅनेलच्या डगल्यासाठी वापरला जात असे. १८८९ मध्ये एका वाचकाने लंडनच्या दैनिकाला पत्र लिहून तक्रारच केली होती, की आमच्या वेळी ब्लेझर म्हणजे लेडी मार्गारेटचा तांबडा डगला, दुसरे काही नाही. आता हे लोक पट्ट्यापट्ट्यांच्या कोटालाही ब्लेझर म्हणू लागले!

परंतु या परंपरेचा गाभा आहे तो 'बंप्स' या शर्यतीत. कॅम नदी अरुंद, दोन नौका शेजारी शेजारी धावणे कठीण. म्हणून १८२७ पासून येथे नौका एकामागे एक उभ्या केल्या जातात, मध्ये सुमारे दीड नौकेचे अंतर. तोफ झाली की प्रत्येकीने पुढच्या नौकेला गाठून धक्का द्यायचा आणि मागचीपासून सुटायचे. धक्का बसला की दोघी काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागांची अदलाबदल होते. असे चार दिवस चालते. चारही दिवस धक्का देणाऱ्यांना रंगवलेली वल्ही मिळतात; चारही दिवस धक्का खाणाऱ्यांच्या वाट्याला 'चमचा' येतो. परीक्षेतला तो चमचा असा नदीवरही पोहोचला आहे.

मुख्य गोष्ट अशी की शेवटच्या दिवशीचा क्रम पुढल्या वर्षीचा आरंभक्रम ठरतो. अठरा-वीस वर्षांचा वल्हेकरी ज्या जागेवरून सुरुवात करतो, ती त्याने कमावलेली नसते. ती त्याच्या आधी येऊन गेलेल्यांनी मिळवलेली किंवा गमावलेली असते. तो निघून जातो, जागा उरते. परीक्षेतील क्रमांक एकट्याचा असतो आणि तो त्याच्याबरोबर जातो. नदीवरचा क्रमांक कोणा एकाचा नसतो. १९०९ नंतर गणिताच्या परीक्षेत गुणानुक्रम जाहीर करणे बंद झाले. सीनियर रँग्लर गेला, त्याच्याबरोबर चमचाही गेला. हॉल्टहाउसचा चमचा तो शेवटचा. नदीवरचा क्रम मात्र अजून चालू आहे.

या परंपरेचे गुणगान करून थांबणे हे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट हिने गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळवले, तरी स्त्री म्हणून तिला पदवी मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देणे १९४८ मध्ये सुरू केले. सेंट जॉन्सची दारे विद्यार्थिनींना उघडली ती १९८१-८२ मध्ये. म्हणजे ज्या मंडळाने एका स्त्रीचे नाव अभिमानाने मिरवले, त्याच्या नौकेत त्या कॉलेजची विद्यार्थिनी बसू शकावी याला दीडशेहून अधिक वर्षे लागली. पूर्वजांकडून मिळालेली जागा हा ज्या शर्यतीचा नियम, तिच्यात कोणाला जागाच मिळालेली नव्हती हाही वारशाचाच भाग मानला पाहिजे.

आपल्याकडे शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी बंद होऊनही बरीच वर्षे लोटली. तरी दरवर्षी निकालाच्या दिवशी पालक विचारतात, "सर, कितवा आला?" मग मला तो चमचा आठवतो. गणितात शेवटचा आलेला हॉल्टहाउस नौकेत आठांपैकी एक होता, आणि तेथे त्याचे वल्हे इतर सातांच्या बरोबरीने पाण्यात पडावे लागत होते. हे मोजण्याची सोय आपल्या गुणपत्रिकेत नाही.